किवीचा खरा फायदा पोटाला: काय मिळतं, किती खावं आणि कोणी जपून खावं

तुम्ही विचारलं आहे की किवी खाल्ल्याने शरीराला नेमकं काय मिळतं, रोज किती खावीत, मधुमेह असलेल्यांना चालतात का, आणि डेंग्यूमध्ये किवीने प्लेटलेट वाढतात हे खरं का. आहारतज्ज्ञ म्हणून बद्धकोष्ठता आणि रक्तक्षय असलेल्या लोकांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे आणि हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. किवी म्हटलं की सगळ्यांना क जीवनसत्त्व आठवतं, पण क जीवनसत्त्व देणारी फळं पुष्कळ आहेत. किवीचं वेगळेपण पोट साफ होण्यात आहे, आणि त्याबद्दलचा पुरावाही भक्कम आहे. दुर्दैवाने त्यासाठी ते फारच थोडे लोक खातात. प्लेटलेट वाढण्याची गोष्ट मात्र खरी नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी आकडे बघू. हिरव्या किवीच्या 100 ग्रॅम गरात साधारण 61 किलोकॅलरी असतात. कर्बोदकं 15 ग्रॅमच्या आसपास, त्यातली साखर 9 ग्रॅम. चोथा (फायबर) 3 ग्रॅम, प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम, स्निग्धांश अर्धा ग्रॅम. क जीवनसत्त्व सुमारे 93 मिलिग्रॅम, पोटॅशियम 310 मिलिग्रॅमच्या आसपास, के जीवनसत्त्व 40 मायक्रोग्रॅम, फोलेट 25 मायक्रोग्रॅम आणि ई जीवनसत्त्व दीड मिलिग्रॅमच्या जवळपास. मध्यम आकाराचं एक किवी सोललं की 70 ग्रॅमच्या आसपास गर निघतो, म्हणजे एका फळातून 65 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेलं रोजचं प्रमाण 45 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत ते स्त्रियांसाठी 75 आणि पुरुषांसाठी 90 मिलिग्रॅम धरतात. कुठलाही हिशेब घ्या, दोन किवींत दिवसाची गरज भागते आणि वर उरते.

संत्र्यात 100 ग्रॅममागे हेच प्रमाण 53 मिलिग्रॅम आहे, म्हणून किवी संत्र्यापेक्षा सरस आहे हे बरोबर. पण पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्याही वर जातं. तेव्हा फक्त क जीवनसत्त्वासाठी किवीच हवं असं काही नाही. शिवाय शरीर हे जीवनसत्त्व साठवून ठेवत नाही. दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं की रक्तातली पातळी जवळपास कमाल मर्यादेला पोहोचते आणि त्यापुढचं बहुतेक लघवीवाटे निघून जातं. 'प्रतिकारशक्ती वाढावी' म्हणून दिवसाला पाच-सहा किवी खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जखम भरणं, त्वचेतलं आणि हिरड्यांतलं कोलॅजन तयार होणं, अन्नातलं लोह शोषलं जाणं या सगळ्यासाठी क जीवनसत्त्व लागतंच. पण गरजेपेक्षा जास्त घेतल्याने ही कामं जास्त चांगली होत नाहीत. गोळी घ्यावी की फळ, असंही बरेचजण विचारतात. न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात किवीतलं आणि गोळीतलं क जीवनसत्त्व शरीरात सारखंच शोषलं गेलं. फरक एवढाच की फळाबरोबर चोथा, पोटॅशियम, फोलेट हेही येतं.

बाजारात पिवळ्या गराचं, म्हणजे 'गोल्ड' किवीही मिळतं. त्याची साल गुळगुळीत असते, चव जास्त गोड असते आणि क जीवनसत्त्व 100 ग्रॅमला 160 मिलिग्रॅमपर्यंत असतं. पण त्यात चोथा हिरव्याच्या निम्म्याहून कमी, साधारण 1.4 ग्रॅम, आणि साखर 12 ग्रॅमच्या वर. दोन्ही फळं चांगलीच आहेत, पण कामं वेगळी आहेत. पोटासाठी खायचं तर हिरवं घ्यावं. आंबटपणा सोसत नसेल किंवा हिरव्याने जीभ चुरचुरत असेल तर पिवळं.

आता मुख्य मुद्दा. हिरव्या किवीच्या चोथ्यात पाणी धरून ठेवण्याची आणि फुगण्याची क्षमता चांगली असते. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथल्या संशोधकांनी निरोगी माणसांना किवी खायला देऊन एमआरआयने त्यांच्या आतड्यांची पाहणी केली. किवी खाल्लेल्या दिवसांत लहान आतड्यात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मल मऊ राहणं आणि जोर न करावा लागणं याचं कारण हेच. रेचक गोळ्यांनी पोटात जशी ओढाताण होते तशी इथे होत नाही, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकते.

पुरावा एवढ्यावरच थांबत नाही. अमेरिकेत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट बद्धकोष्ठता असलेल्यांचे तीन गट केले होते. एकाला रोज दोन हिरवी किवी, दुसऱ्याला प्रून म्हणजे सुके प्लम, तिसऱ्याला इसबगोल. तिन्ही गटांना फायदा झाला, पण पोट फुगणं, गॅस अशा तक्रारी आणि उपायाबद्दलची नाराजी किवीच्या गटात सगळ्यात कमी होती. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. बद्धकोष्ठतेवरचा उपाय बहुतेक वेळा गुण नाही म्हणून सुटत नाही, पोट डब्ब होतं म्हणून सुटतो. त्यानंतर 2023 मध्ये न्यूझीलंड, इटली आणि जपान या तीन देशांत मिळून झालेल्या चाचणीतही चार आठवडे रोज दोन हिरवी किवी खाणाऱ्या बद्धकोष्ठतेच्या रुग्णांना पोट पूर्ण साफ झाल्याचा अनुभव आठवड्यातून आधीपेक्षा सरासरी दीड वेळा जास्त आला. युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये, हिरवं किवी शौचाची नियमितता राखायला मदत करतं, हा दावा तपासून मान्य केला. एखाद्या ताज्या फळाबद्दल असा दावा मान्य होणं सोपं नसतं. प्रमाणही त्यांनी सांगितलं आहे: रोज 200 ग्रॅम गर, म्हणजे दोन मोठी फळं.

मग खायचं कसं? मी सांगते ती पद्धत साधी आहे. पहिला आठवडा रोज एक हिरवं किवी. पोटाने ते नीट स्वीकारलं की रोज दोन. किमान चार आठवडे खंड पडू द्यायचा नाही. सकाळी खाल्लं की संध्याकाळी, याने फरक पडत नाही. जी वेळ विसरली जाणार नाही ती धरा. रिकाम्या पोटी आंबट सोसत नसेल तर जेवणाबरोबर खा. मात्र फळ चावून खायचं, त्याचा रस काढून गाळायचा नाही. गाळणीत जो लगदा मागे राहतो त्यातच तुम्हाला हवा असलेला चोथा असतो. खाली जातं ते साखरेचं आंबट-गोड पाणी. रोज किवी घेऊनही फरक नाही असं जेव्हा कोणी सांगतं, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारते: फळ खाता की रस पिता? आणि दिवसभराचं पाणी नेहमीसारखं प्या. चोथ्याला फुगायला पाणी लागतं, ते बाहेरून यायला हवं.

ज्यांना आयबीएस आहे, म्हणजे आतडी संवेदनशील असल्याने वारंवार पोट बिघडतं, ज्यांना सफरचंदासारख्या फळांनीही गॅस होतो, त्यांनाही हिरवं किवी सहसा सोसतं, कारण पोटात आंबून वायू करणाऱ्या शर्करा त्यात कमी असतात. पण एक सांगायलाच हवं. शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पोटात तीव्र कळ येत असेल, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर किवीवर चार आठवडे घालवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

किवीत ॲक्टिनिडिन नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, प्रथिनं तोडणारं. ते काय करतं हे बघायचं असेल तर हिरवं किवी दुधात घोटून ग्लास अर्धा तास तसाच ठेवा. दूध फाटल्यासारखं दिसू लागतं आणि चव कडवट होते. दूध खराब नव्हतं. विकराने दुधातली प्रथिनं तोडली. जिलेटिन घातलेली जेली ताज्या किवीबरोबर घट्ट होत नाही तीही याच कारणाने. किवी-दूध आवडत असेल तर केल्याबरोबर पिऊन टाका, किंवा पिवळं किवी वापरा, त्यात हे विकर अगदी थोडं असतं. जड, प्रथिनयुक्त जेवणानंतर किवी खाल्लं की हलकं वाटतं असं बरेचजण सांगतात. प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे अभ्यास त्याला दुजोरा देतात. तरी पाचक औषध म्हणून ते मी कोणाला सुचवत नाही. फळ शिजवलं की हे विकर निष्प्रभ होतं आणि क जीवनसत्त्वही कमी होतं, म्हणून किवी न शिजवताच खावं.

रक्तक्षय असलेल्यांसाठी किवी कसं उपयोगी पडतं हे थोडं समजून घ्या, कारण इथे गल्लत होते. किवीत लोह फार नाही. ते जेवणातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. धान्यं, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह शरीर सहजी घेत नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर जास्त घेतं. न्यूझीलंडमध्ये शरीरातला लोहाचा साठा कमी असलेल्या 89 स्त्रियांना 16 आठवडे लोहयुक्त नाश्ता दिला होता. निम्म्या जणींना त्याबरोबर पिवळी किवी, बाकीच्यांना केळं. किवीच्या गटात फेरिटिन, म्हणजे रक्ततपासणीत लोहाचा साठा दाखवणारा आकडा, 17 वरून 25 पर्यंत गेलं, केळ्याच्या गटात ते जवळपास होतं तिथेच राहिलं. नाश्ता एकच होता, फरक सोबतच्या फळाने पडला. त्यामुळे रक्तक्षयासाठी किवी खायचं असेल तर ते जेवताना किंवा जेवण होताच खा. जेवणानंतर दोन तासांनी एकटं खाल्लं तर हा फायदा निसटतो. आणि त्याच जेवणावर चहा-कॉफी घेऊ नका, त्यातले घटक लोह अडवतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या किवीमुळे बंद करायच्या नाहीत.

मधुमेहात किवी चालतं. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते याचा आकडा) 50 च्या आसपास, म्हणजे खालच्या गटात आहे, आणि चोथ्यामुळे साखर हळूहळू रक्तात उतरते. पण दोन किवींत 20 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, ती हिशेबात धरायला हवीत. आधीच्या सगळ्या जेवणावर आणखी दोन किवी खाल्ली तर साखर वाढणारच. दुसरं एखादं फळ किंवा थोडं धान्य कमी करून त्या जागी किवी घ्या, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी तपासून बघा. तुमचं शरीर काय सांगतं ते कुठल्याही तक्त्यापेक्षा खरं. पाकवलेलं, हिरव्यागार रंगाचं सुकं किवी मात्र मधुमेहींनी टाळावं. त्यात बहुतेक वेळा वरून साखर घातलेली असते. 'सुकामेवा' म्हणून ते आरोग्यदायी समजलं जातं, पण ताज्या फळाच्या जागी ते धरता येत नाही.

रक्तदाबाबद्दल नॉर्वेतल्या ओस्लो इथे एक अभ्यास झाला. रक्तदाब थोडा वाढलेल्या 118 जणांपैकी निम्म्यांनी आठ आठवडे रोज तीन किवी खाल्ली आणि निम्म्यांनी एक सफरचंद. किवीच्या गटात वरचा रक्तदाब 3 ते 4 अंकांनी कमी निघाला. चांगलं आहे, पण एवढ्यावर गोळी सोडायची नसते. झोपेचंही असंच. तैवानमध्ये 2011 साली 24 जणांनी चार आठवडे झोपण्याआधी एक तास दोन किवी खाल्ली आणि त्यांना झोप लवकर लागू लागली. पण अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. रात्री भूक लागते म्हणून बिस्किटं खात असाल तर त्याऐवजी किवी खाऊन बघा. झोपेचं औषध म्हणून त्याच्याकडे बघू नका.

आता डेंग्यू. हे जरा जोर देऊनच लिहिते, कारण इथे गैरसमजाने नुकसान होतं. किवी खाल्ल्याने प्लेटलेटची संख्या वाढते असा विश्वासार्ह पुरावा नाही. डेंग्यूत प्लेटलेट आजाराच्या ओघात उतरतात आणि ताप गेल्यानंतरच्या काही दिवसांत आपोआप वर येतात. नेमक्या त्याच दिवसांत माणूस किवी खात असतो, म्हणून श्रेय किवीला मिळतं. गंमत म्हणजे ओस्लोमध्येच 2004 मध्ये निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासात, रोज दोन-तीन किवी खाल्ल्यावर प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचं प्रमाण कमी झालं होतं. तो संख्येशी संबंध नसलेला, वेगळाच परिणाम आहे. डेंग्यूच्या रुग्णाला तोंडाला चव यावी म्हणून एखादं किवी द्यायला हरकत नाही. पण घरच्यांचं लक्ष फळं शोधण्याऐवजी तीन गोष्टींवर हवं: पोटात पुरेसं पाणी जातंय का, लघवी नीट होतेय का, आणि ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं यांपैकी काही दिसतंय का. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच रुग्णालय गाठायचं. तापाला ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, हेही त्याच दमात सांगते.

किवी कोणी जपून खावं? सगळ्यात आधी ॲलर्जी असलेल्यांनी. किवी खाल्ल्यावर जीभ थोडी चुरचुरणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते आणि ॲक्टिनिडिन यांमुळे, विशेषतः फळ कच्चं असेल तर, जीभ-ओठ जरा झोंबतात आणि थोड्या वेळात शांत होतात. पण ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखा वाटणं, श्वासाला त्रास, लगोलग उलट्या ही ॲलर्जीची लक्षणं आहेत. श्वासाला त्रास झाला तर घरी थांबून वाट बघू नका. लॅटेक्सच्या म्हणजे रबरी हातमोज्यांच्या ॲलर्जीवाल्यांना किवी, केळं, ॲव्होकाडो या फळांचीही ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त असते. हिरव्याने ॲलर्जी होत असेल तर 'पिवळं सौम्य असतं' म्हणून स्वतःच प्रयोग करू नका. लहान बाळाला पहिल्यांदा देताना अगदी चमचाभर मऊ गर द्या, दिवसा द्या, आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही नवा पदार्थ देऊ नका. तोंडाभोवतीच्या नाजूक त्वचेला आंबट रस लागून थोडी लाली येते, ती पुसल्यावर जाते. पण चट्टे अंगभर पसरले तर डॉक्टरांकडे न्या.

मूत्रपिंडाचा आजार वाढलेला असेल आणि पोटॅशियमवर बंधन असेल तर दोन किवींतलं 430 मिलिग्रॅम पोटॅशियम मोठं ठरतं. डायलिसिसवर असलेल्यांनी विचारल्याशिवाय खाऊच नये. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांसाठी के जीवनसत्त्वाचा मुद्दा आहे. किवी बंद करायची गरज नसते, पण प्रमाण रोज सारखं हवं. महिनाभर काहीच नाही आणि मग एकदम रोज तीन, असं केलं की रक्ततपासणीचा आकडा हलतो. नव्याने सुरू करणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे पुन्हा पुन्हा होत असतील तर रोजचा नेम धरण्याआधी विचारून घ्या, अधूनमधून एखादं खाल्ल्याने सहसा बिघडत नाही.

साल खाता येते. धुऊन, स्वच्छ कापडाने लव घासून काढली की सालीसकट खाल्लेलं किवी चोथा बराच जास्त देतं. पण सालीचा खरखरीतपणा नकोसा वाटत असेल तर जबरदस्ती नको. मी रोज दोन किवींचं प्रमाण सांगितलं ते गराचं आहे. सोलूनही फायदा होतोच. मला स्वतःला फळ आडवं अर्धं कापून चमच्याने गर काढून खायला आवडतं, सालीला चिकटलेला भागही त्यात सुटत नाही.

फळ घेताना देठाकडच्या बाजूला अंगठ्याने हलकं दाबून बघा. थोडं दबलं तर आजच खायला तयार. दगडासारखं असेल तर घरी पिकतं: कागदी पिशवीत एखाद्या केळ्याबरोबर किंवा सफरचंदाबरोबर बाहेरच ठेवा. त्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने किवी दोन-चार दिवसांत मऊ होतं आणि त्यातल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर होते. म्हणूनच कडक फळ आंबटढाण लागतं आणि तेच चार दिवसांनी गोड. पिकल्यावर फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवडाभर टिकतं, पण इतर फळांपासून वेगळं ठेवा, नाहीतर लगेच लिबलिबीत होतं. सुरकुतलेलं, ओलसर डाग पडलेलं किंवा दारूसारखा वास येणारं घेऊ नका. महिनाभर रोज दोन खायची असतील तर एकदम सगळी पिकलेली घेऊ नका. थोडी मऊ, थोडी कडक अशी निवडा आणि कडक असलेली गरजेप्रमाणे पिशवीत पिकायला घाला.